मर्चंट नेव्हीची इच्छा कुठे टिकते, कुठे विरते

बारावीचा निकाल लागला की नागपुरात जेईई आणि नीटच्या गदारोळात दरवर्षी काही पोट्टे वेगळंच बोलायला लागतात: मर्चंट नेव्हीत जायचं. घरातून पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे सैन्यात?" नाही. मर्चंट नेव्ही म्हणजे कोळसा, धान्य, कच्चं तेल, कंटेनर, मोटारी वाहणारी व्यापारी जहाजं. वर्दी असते, खांद्यावर पट्ट्या असतात, पण नोकरी खासगी कंपनीची आणि करारावरची. पेन्शन नाही, आणि बहुतेक ठिकाणी जहाजावर असाल तोवरच पगार.

या शाखेत शिकणाऱ्या मुलांना खरंच समुद्रावर जावंसं वाटतं का, आणि वाटलं तर ते किती वर्षं टिकतं, याची काळजी जगभरातल्या कंपन्यांना लागली आहे. बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग या जहाज कंपन्यांच्या जागतिक संघटनांच्या २०२१ च्या अहवालात २०२६ पर्यंत आणखी सुमारे ८९,५०० अधिकारी लागतील असा अंदाज होता. आता गंमत बघा. तिकडे अधिकारी मिळत नाहीत म्हणून ओरड, आणि इकडे कोर्स पूर्ण केलेली मुलं पहिलं जहाज मिळावं म्हणून मुंबईतल्या ऑफिसांचे उंबरठे झिजवतात. दोन्ही खरं आहे. तुटवडा आहे तो परवाना असलेल्या, अनुभवी अधिकाऱ्यांचा. कोऱ्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, मात्र जहाजावर झोपायला जागा लागते, शिकवायला कोणाचा तरी वेळ लागतो, आणि पहिली दीड-दोन वर्षं तो कंपनीच्या हिशोबात खर्चाच्याच बाजूला असतो. म्हणून दर जहाजावर कॅडेट दोन-चारच.

आमचं मत असं की मुलं वादळाला भिऊन समुद्र सोडत नाहीत. ती सोडतात जमिनीवर वाट बघताना. पहिल्या जहाजाची वाट, परीक्षेच्या निकालाची वाट, पुढच्या कॉलची वाट. डॉलरचा पगार आणि वर्दीचा फोटो इच्छा जागी करतात, पण ती पुढे चालवण्याचं काम त्यांच्याकडून होत नाही.

चित्र कोण दाखवतं

कोकणात वाडीत एखादा तरी माणूस बोटीवर असतो. पोराला लहानपणापासून दिसतं की काका सहा-सात महिने नसतात, आले की तीन महिने घरीच, आणि गणपतीला असतील की नाही याचा भरवसा नाही. त्याला या नोकरीची चव आधीच कळलेली असते. नागपुरात तसं नातेवाइकांत कोणी सापडत नाही. मुंबईचा समुद्र इथून आठशे किलोमीटरवर, आणि जहाजाशी संबंध म्हणाल तर वर्धा रोडने जाणाऱ्या ट्रेलरवरचा कंटेनर. त्यामुळे चित्र येतं ते रील्समधून आणि एजंटकडून. रीलमध्ये सूर्यास्त असतो, डेकवरचं बार्बेक्यू असतं. जहाजाच्या तळातलं घाण पाणी, म्हणजे बिल्ज, उपसतानाचं रील कोणी टाकत नाही.

पगाराचा आकडा सगळ्यात आधी सांगितला जातो आणि सगळ्यात चुकीचा सांगितला जातो. कॅडेटला स्टायपेंड महिन्याला काहीशे डॉलर. थर्ड ऑफिसर किंवा फोर्थ इंजिनिअर, म्हणजे अधिकाऱ्यांची पहिली पायरी, झालात की साधारण दोन ते चार हजार डॉलर, टँकर आणि गॅसच्या जहाजांवर जास्त. कप्तान आणि चीफ इंजिनिअर आठ-दहा हजारांच्या पुढे. पण याला बाराने गुणायचं नाही. समजा महिना अडीच लाख आणि वर्षात सात महिने जहाजावर: साडेसतरा लाख. बारा महिन्यांत वाटले तर महिना दीड लाखाच्या आतच. शिवाय सुट्टीत कोर्सची फी, कोर्ससाठीची तिकिटं, मुंबईतलं राहणं हे त्याच पैशांतून. चांगलाच पगार आहे, पण इंजिनिअरिंग करून पुण्याला गेलेल्या मित्राशी तुलना करताना दोन्हीकडे वर्षाचा आकडा धरा.

"टॅक्स लागत नाही" हेही अर्धवट सांगितलं जातं. एका आर्थिक वर्षात तुम्ही भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात, म्हणजे साध्या वर्षात किमान १८४ दिवस बाहेर असलात, तर अनिवासी ठरता. परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजावर मिळालेला पगार मग एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात जमा झाला तरी इथे करपात्र धरत नाहीत. हिशोब सीडीसीवरच्या, म्हणजे नाविकाच्या अधिकृत नोंदवहीतल्या, साइन-ऑन (चढणे) आणि साइन-ऑफच्या (उतरणे) तारखांवर चालतो. करार मार्चच्या मध्यावर सुरू झाला, पुढच्या वर्षी जहाज उशिरा मिळालं आणि १७० दिवसच भरले, की सगळा पगार करात येतो. हे दिवस मोजायचं काम स्वतःचं असतं, कंपनीचं नाही.

फी भरण्याआधी डोळे

अगदी पहिली पायरी डॉक्टरची, आणि तीच लोक शेवटी ठेवतात. केंद्र सरकारच्या नौवहन महानिदेशालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. त्यातल्या डॉक्टरकडे जाऊन दृष्टी आणि रंग ओळखण्याची चाचणी आधी करून घ्या. डेकवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या बाजूला, जायचं तर चष्म्याशिवायची नजर जवळजवळ निर्दोष लागते. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी. तिथे लाल-हिरव्यात गोंधळ झाला तर टक्करच. इंजिनच्या बाजूला चष्म्याची थोडी सवलत आहे, रंगांची तिथेही तपासणी होते. ठिपक्यांतला आकडा ओळखायची इशिहारा चाचणी पाच मिनिटांत होते. ती न करता कोचिंगची फी भरली, प्रवेश परीक्षा दिली, कॉलेजात नाव घातलं आणि मग रंगांधळेपणा कळला, तर त्या मुलाची इच्छा, पैसे आणि वर्ष तिन्ही एका दुपारी जातात.

रस्ते थोडक्यात. बारावीत भौतिक, रसायन, गणितात मिळून ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के असतील तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सामाईक प्रवेश परीक्षा देता येते. डेकसाठी एक वर्षाचा डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा) आणि नंतर १८ महिने जहाजावर, किंवा तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स आणि १२ महिने जहाजावर. इंजिनसाठी चार वर्षांचं बीटेक मरीन. मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालेल्यांना एक वर्षाचा जीएमई (पदवीधरांचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स), इलेक्ट्रिकलवाल्यांना काही महिन्यांचा ईटीओ (जहाजावरच्या विजेच्या अधिकाऱ्याचा कोर्स). नागपुरातून मेकॅनिकल होऊन जीएमईला जाणारी मुलं बरीच टिकतात असं आमचं निरीक्षण, कारण ती एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी स्वतः ठरवून जातात. सतराव्या वर्षी काकांनी ठरवलेलं तेविसाव्या वर्षी पटेलच असं नाही. दहावीनंतरचा सहा महिन्यांचा जीपी रेटिंग हा खलाशाचा कोर्स आहे. त्यातून अधिकारी होता येतं, पण वाट लांब आहे, आणि एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

कोर्स संपला, आता?

इथे खरी गळती सुरू होते. डीएनएस संपला, बेसिक सेफ्टीचे कोर्स झाले, सीडीसी हातात आलं, आणि जहाज नाही. तीन महिने, सहा महिने, काहींचं वर्ष. या काळात शेजारी विचारतात, "अजून गेला नाही का?" आई म्हणते बँकेची परीक्षा देऊन बघ. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बहुतेक बँकांत कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो, म्हणजे वाट बघणं लांबलं की नेमका त्याच वेळी दारात उभा. बाप एफडी मोडतो, आणि मुलाची मान खाली जाते. आम्हाला विचाराल तर समुद्रावर जाण्याच्या इच्छेवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट ही आहे. कॉलेजची इमारत, स्विमिंग पूल, सिम्युलेटर हे सगळं नंतर.

म्हणून प्रवेश घेण्याआधी एकच कागद मागायचा: शिपिंग कंपनीचं स्पॉन्सरशिपचं पत्र. त्यात कंपनीचं नाव, आरपीएसएल (नाविक भरतीच्या) परवान्याचा क्रमांक आणि कोर्सनंतर जहाज देण्याची जबाबदारी स्पष्ट हवी. मोठ्या कंपन्या स्वतःची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात आणि मग स्वतःच्या किंवा ठरलेल्या संस्थेत पाठवतात. "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स" या शब्दांत असिस्टन्सलाच वजन असतं, प्लेसमेंटला नाही. संस्थेला विचारा: गेल्या बॅचची किती मुलं आज जहाजावर आहेत, कोणत्या कंपनीच्या? उत्तर गोल गोल आलं तर समजून घ्या.

जहाज मिळत नाही म्हटल्यावर मुलगा एजंटच्या हाती लागतो. दोन लाख द्या, तीन लाख द्या, पुढच्या आठवड्यात जॉइनिंग. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ या नाविकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे नोकरी लावण्यासाठी नाविकाकडून एक रुपयाही घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा नाविकाचा, व्हिसाचासुद्धा मालकाचा. पैसे देऊन गेलेली मुलं बहुतेक वेळा आखातातल्या एखाद्या छोट्या, जुन्या जहाजावर पोचतात. करारावर एक नाव, जहाजावर दुसरंच. तिथे केलेली सेवा पुढे परीक्षेसाठी धरली जाईलच असंही नाही, म्हणजे पैसे, महिने आणि धाडस तिन्ही पाण्यात.

तपासायची रीत अवघड नाही. महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर आरपीएसएल क्रमांक टाकून परवाना चालू आहे का ते बघा. जहाजाचा सात आकडी आयएमओ (ओळख) क्रमांक मागा आणि इक्वासिस या फुकट संकेतस्थळावर तो टाका: मालक कोण, वय किती, कोणत्या बंदरात अडकवून ठेवलं होतं का, सगळं दिसतं. एजंट आयएमओ क्रमांक द्यायला कां कूं करत असेल तर चर्चा तिथेच संपवा बाप्पा.

पहिलं जहाज

समुद्र लागणं, उलट्या, झोप उडणं हे बहुतेकांचं चार-आठ दिवसांत बसतं. सावजी विसरा, फिलिपिनो कुकच्या हातचा भात गोड मानून घ्या. यावरून कोणी नोकरी सोडत नाही.

पहिल्या करारात इच्छेची परीक्षा होते ती कामात. उदाहरण घ्या होल्ड, म्हणजे माल भरायचे कप्पे, धुण्याचं. बल्क कॅरिअरने, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजाने, कोळसा उतरवला आणि पुढचा माल धान्य आहे. मधल्या रिकाम्या फेरीत सगळे होल्ड साफ झाले पाहिजेत, आणि पॅनामॅक्स, म्हणजे पनामा कालव्याच्या मापाच्या, जहाजाला साधारण सात होल्ड असतात. आधी झाडून उरलेला कोळसा बादल्यांनी वर काढायचा. मग दाबाच्या समुद्राच्या पाण्याने वरून खाली धुवायचं. शेवटी गोड्या पाण्याने मीठ काढायचं. तळाच्या बिल्ज वेलमध्ये, म्हणजे पाणी साचण्याच्या खड्ड्यात, उतरून गाळ हाताने उपसायचा, सक्शन ओढतंय का बघायचं, आणि वेलच्या झाकणावर गोणपाट बांधायचं, म्हणजे धान्य आत जाणार नाही. चुकतं कुठे? उंचावर, फ्रेमच्या (भिंतीच्या लोखंडी फासळीच्या) मागच्या बाजूला, जिथे पाण्याचा झोत पोचत नाही तिथे भुकटी राहते. किंवा गंजाचे सुटे पोपडे राहतात. बंदरात सर्व्हेअर शिडीने खाली उतरतो, पांढरा हातमोजा फ्रेमच्या मागे फिरवतो आणि काळं बोट दाखवून होल्ड नापास करतो. जहाज ऑफ-हायर, म्हणजे भाडं बंद, दिवसाला हजारो डॉलर गेले. कप्तान चीफ ऑफिसरवर चिडतो, चीफ ऑफिसर बोसनवर (खलाशांच्या मुकादमावर), आणि रात्री दहाला होज पुन्हा कॅडेटच्या हातात येतो.

इंजिनरूममध्ये तेच नाट्य प्युरिफायरभोवती. जड इंधन शुद्ध करण्याआधी ते ९८ अंशांच्या आसपास तापवतात, त्यामुळे ती खोली नागपूरच्या मे महिन्याला लाजवते. (एवढ्या एका बाबतीत आपली मुलं कोकणातल्यांपेक्षा तयार असतात.) बाऊल उघडायचा, तबकड्यांची चळत काढायची, एकेक तबकडी घासायची, रबरी ओ-रिंग बदलायच्या आणि सगळं त्याच क्रमाने, खुणा जुळवून बसवायचं. एक ओ-रिंग पिळली गेली किंवा एक तबकडी मागेपुढे झाली की मशीन सुरू केल्यावर तेल गाळाच्या बाजूने वाहतं, अलार्म वाजतो, आणि चार तासांचं काम पुन्हा पहिल्यापासून.

कष्टाने मुलं मोडत नाहीत. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरून आलेला मुलगा तर नाहीच. मोडतात ती दोन गोष्टींनी. एक, झोपेचा खोटा हिशोब. नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा निदान ६ तासांचा. बंदरातली लोडिंग, मूरिंग (जहाज धक्क्याला बांधणं) आणि होल्ड एकत्र आले की हे बसत नाही, आणि कागदावर मात्र बसवलं जातं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात कळतं की खोट्या तक्त्यावर सही करणं हाही कामाचा भाग आहे. त्याच्या मनात त्या दिवशी काहीतरी तुटतं, आणि ते पगाराने सांधत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वरचा माणूस. डेकवर चीफ ऑफिसर, इंजिनात सेकंड इंजिनिअर. तोच काम वाटतो, तोच शिकवतो, तोच ट्रेनिंग रेकॉर्ड बुकवर सह्या करतो. कॅडेटला ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीत, उभं करून चार्ट आणि रडार दाखवणारा चीफ ऑफिसर मिळाला तर तो मुलगा पुढची वीस वर्षं समुद्रावर राहू शकतो. सहा महिने फक्त चिपिंग हॅमर देऊन गंज काढायला लावणारा मिळाला तर तोच मुलगा घरी येऊन एमपीएससीची पुस्तकं आणतो. ही लॉटरीच म्हणावी लागेल. मुलाच्या हातात यातलं थोडंच असतं, पण ते थोडं करावं: रेकॉर्ड बुकमधली दोन कामं दर आठवड्याला पूर्ण करायची, सही रविवारीच मागायची. करार संपताना शंभर सह्या एकदम मागितल्या तर कोणी करत नाही, आणि केल्या तर तोंडी परीक्षेत उघडं पडतं. उतरताना कप्तानाने दिलेल्या सेवापत्रावरच्या तारखा सीडीसीच्या शिक्क्याशी जुळतात का ते गँगवेवर, म्हणजे उतरायच्या शिडीवर, पाऊल टाकण्याआधी बघायचं. एका दिवसाचा फरक असला तरी अर्ज परत येतो, आणि तोवर कप्तान दुसऱ्या गोलार्धात असतो.

घर, आणि घराची भीती

नागपूरच्या घरांना वाटणारी भीती आता टीव्हीवरून येते, आणि ती पोकळ नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलक्सी लीडर' पकडलं, त्यावरची माणसं जानेवारी २०२५ मध्ये सुटली. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र पडून तिघे गेले, उरलेल्यांना भारतीय नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवलं. त्याच महिन्यात बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या 'डाली'वर २१ पैकी २० माणसं भारतीय होती, आणि चौकशीमुळे ती कित्येक आठवडे जहाजावरच अडकली. २०२२ मध्ये 'हिरोइक इडुन'च्या १६ भारतीयांना आधी इक्वेटोरियल गिनी आणि मग नायजेरियात मिळून नऊ महिन्यांच्या आसपास अडकून राहावं लागलं. मुलं हल्ल्यापेक्षा या शेवटच्या प्रकाराला जास्त भितात. हल्ला हा दैवाचा भाग मानता येतो. परक्या देशात आरोपी म्हणून बसवून ठेवलं, तर आपली बाजू कोण घेणार, हा प्रश्न त्यांना छळतो.

त्याहून जास्त जणांच्या वाट्याला येणारा धोका बातम्यांत क्वचित दिसतो: मालकाने जहाज वाऱ्यावर सोडणं. आयटीएफ या कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये ३१२ जहाजांवर ३,१३३ नाविक असे सोडले गेले, आणि त्यांत सगळ्यात जास्त भारतीय. दोन महिने पगार थकला की कन्व्हेन्शनप्रमाणे ते "सोडून देणं" धरता येतं, आणि २०१७ पासून मालकाला चार महिन्यांच्या पगाराचा आणि घरी पाठवण्याचा विमा ठेवावा लागतो. त्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असायला हवं. चढल्यावर पहिल्या दिवशी मेसरूमजवळच्या फलकावर ते आहे का बघा आणि फोटो काढून घरी पाठवा. पगार दोन महिने थकला तर तिसऱ्याची वाट बघू नका, तिथूनच महानिदेशालयाला आणि आयटीएफला कळवा. मुलं लाजेखातर सहा-सहा महिने गप्प बसतात आणि मग वसुली अवघड होते.

इंटरनेटमुळे मात्र चित्र खरंच बदललं. डिसेंबर २०२४ पासून नाविकांना शक्य तिथे इंटरनेट देण्याची अपेक्षा कन्व्हेन्शनमध्ये आली, आणि उपग्रहाच्या नव्या सेवांमुळे भर समुद्रात व्हिडिओ कॉल लागतात. मुलाखतीत आता मुलं पगाराच्या आधी डेटा किती ते विचारतात, आणि त्यात काही चूक नाही. याची दुसरी बाजूही आहे: घरातलं प्रत्येक भांडण आता रोज जहाजावर पोचतं, आणि वॉच (कामाची पाळी) संपवून आलेला माणूस मेसरूममध्ये गप्पा मारण्याऐवजी केबिनचं दार लावून घेतो.

लग्नाच्या बाजारात बायोडेटावरचं "मर्चंट नेव्ही" आपल्याकडे दोन्ही तऱ्हांनी वाचलं जातं. काही घरं पगार बघून होकार देतात, काही "सहा महिने नवरा नाही" म्हणून पुढचं पान उलटतात. तिशीत, पहिल्या मुलानंतर समुद्र सोडणारेही बरेच. आणि नागपूरकराची एक जादा अडचण आहे. किनाऱ्यावरच्या नोकऱ्या, म्हणजे सुपरिंटेंडंट, सर्व्हेअर, बंदरात जहाज आणणारे पायलट, बंदरातली पदं, या मुंबई, चेन्नई, सिंगापूरला. सर्टिफिकेट घेऊन नागपूरला परतायचं तर त्या सर्टिफिकेटचा उपयोग जवळजवळ संपतो. मरीन इंजिनिअरला कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला बॉयलर ओळखीचा वाटतो खरा, पण तिथला पगार वेगळा आणि भरतीचा रस्ताही वेगळा. याउलट जहाजावर असेपर्यंत कुठे राहता याने काही बिघडत नाही, कारण जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. करारात परत पाठवण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात मुंबईऐवजी नागपूर लिहून घ्या. सही करण्याआधी मागितलं तर मिळू शकतं. पुढे दर खेपेला मुंबईपासूनचं तिकीट खिशातून जात नाही.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. त्याच २०२१ च्या अहवालात जगातल्या नाविकांत स्त्रिया १.२८ टक्के होत्या. म्हणजे वीस-बावीस जणांच्या जहाजावर ती बहुतेक एकटीच. राधिका मेनन कप्तान झाल्या, भर तुफानात सात मच्छीमारांना वाचवल्याबद्दल २०१६ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला, हे मुलींना माहीत असतं. त्या विचारतात ते साधं असतं: बॉयलर सूट आणि सेफ्टी शूज मापाचे मिळतील का, केबिनला आतून कुलूप आहे का, तक्रार केली तर पुढचा करार मिळेल का. मापाच्या साधनांची तरतूद आता कन्व्हेन्शनमध्ये आहे. छळ आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचं प्रशिक्षण १ जानेवारी २०२६ पासून बेसिक कोर्समध्ये आलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीगणिक बदलतं, म्हणून मुलीने कंपनी निवडताना एकच चौकशी करावी: तुमच्याकडे सध्या किती महिला अधिकारी जहाजावर आहेत, आणि त्यांतल्या एकीशी बोलायला मिळेल का?

परीक्षेची वाट

जहाजावरचा काळ भरला की सेकंड मेट (डेकसाठी) किंवा एमईओ क्लास फोरची (इंजिनसाठी) परीक्षा, म्हणजे अधिकाऱ्याचा पहिला परवाना. त्याआधी तयारीचा कोर्स, रेडिओचा कोर्स, रडारचा कोर्स, प्रगत अग्निशमन. कोर्स मुख्यतः नवी मुंबईत, नेरूळ-बेलापूरच्या पट्ट्यात. या काळात पगार शून्य, भाडं चालू. लेखी सुटली तरी तोंडीत अडकणारे खूप, कारण परीक्षक पुस्तक विचारत नाही: समोरून अमुक दिवे दिसतायत, धुकं आहे, तू काय करशील? पहिल्या करारात ज्याने फक्त चिपिंग केलं त्याची इथे बोबडी वळते. नापास झालं की पुढच्या तारखेपर्यंत पुन्हा विदर्भ एक्स्प्रेसने घरी किंवा पुन्हा महिनाभराचं पीजीचं भाडं. दोन-तीनदा असं झालं की मुलगा म्हणतो, राहू दे. कॅडेटच्या स्टायपेंडमधून मुंबईतल्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला असेल तर तो हे "राहू दे" पुढे ढकलू शकतो. मोबाईल आणि बाईक आधी घेतली असेल तर कठीण.

आता एक कोरडी गोष्ट, पण यावर नागपूरच्या कितीतरी मुलांचे महिने वाया गेलेत: नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दिलेल्या नावात वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. इन्डोस (नाविकाचा सरकारी नोंदणी) क्रमांक आणि सीडीसी काढताना हे तिन्ही जुळलं नाही की अर्ज अडकतो. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, आणि तोवर कंपनीने पाठवलेली जॉइनिंगची तारीख उलटून जहाजावर दुसरा मुलगा गेलेला असतो. अकरावीतच पासपोर्ट काढून घ्या. स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच ठेवा, आधार त्यानुसार दुरुस्त करा, आणि जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशीही ताडून बघा.